ब्रेक दाबता येतो, पण किती जोरात?

पत्र : माझे वय ३६ आहे. आठ आठवड्यांपूर्वी वळणावर पडलेल्या खडीवरून माझी मोटरसायकल घसरली. वेग फार नव्हता, पण उजवा हात टेकून पडल्यामुळे मनगटाजवळचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया करून प्लेट व स्क्रू बसवावे लागले. आता आधाराची पट्टीही निघाली आहे आणि जेवणे, लिहिणे, संगणकावरचे काम हे सर्व मी उजव्या हातानेच करतो. डॉक्टर म्हणाले, ‘हळूहळू सगळे सुरू करा.’ गाडी चालवू नका, असे त्यांनी सांगितलेले नाही. ऑफिसला जाऊन-येऊन रोज २२ किलोमीटर होतात. शिवाय बारा दिवसांनी मित्रांबरोबर तीन दिवसांची, साधारण ८५० किलोमीटरची सहल ठरली आहे आणि पत्नी माझ्यामागे बसून येणार आहे. घरच्यांचा विरोध आहे. मला मात्र भीती वाटते की आता गाडीवर बसलो नाही, तर पुन्हा कधी बसण्याचा धीरच होणार नाही. मी काय करावे?

उत्तर :

या सहलीला मोटरसायकल चालवत जाऊ नका, आणि पत्नीला मागे बसवून तर मुळीच जाऊ नका. ऑफिसच्या २२ किलोमीटरांबद्दलही माझे आजचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण ते काही आठवड्यांत बदलू शकते, आणि ते बदलले आहे हे तुम्हाला स्वतःला कसे ओळखता येईल, हे सांगण्यासाठी मी थोडे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. हाडाबद्दलचा शेवटचा शब्द तुमच्या अस्थिरोगतज्ज्ञांचाच आहे. मात्र गाडी हाताकडून नेमके काय मागते, हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला आणि मला अधिक ठाऊक आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवणे हे आपले काम आहे.

मोटरसायकलवर उजव्या हाताकडे दोन कामे असतात : ॲक्सिलरेटर फिरवणे आणि पुढचा ब्रेक दाबणे. मोटार चालवणारा ब्रेक मारतो तो पायाने, म्हणजे शरीरातल्या सर्वांत दणकट स्नायूंनी. तुमचा मुख्य ब्रेक मात्र बोटांच्या पकडीवर अवलंबून असतो. मुख्य म्हणण्याचे कारण असे की, ब्रेक लागताच गाडीचा आणि तुमचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. त्यामुळे जोरात थांबायचे असते तेव्हा बहुतेक सगळे काम पुढचा ब्रेक करतो. ‘हात दुखलाच तर पायाने ब्रेक मारीन’ असे अनेकांना वाटते, कदाचित तुम्हालाही वाटले असेल. पण हलके झालेले मागचे चाक नुसते जाम होते आणि गाडी घसरत राहते. एबीएस असली तरी ती चाक जाम होऊ देत नाही एवढेच. जो जोर बोटांनी दिलेलाच नाही, तो ती कुठून आणणार?

याचा हिशेब एकदा आकड्यांत करून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक पूर्ण जोराने लावले आणि वेग दर सेकंदाला ७ मीटर प्रति सेकंदाने कमी होत गेला, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे २० मीटरांत थांबते. पकड दुबळी असल्यामुळे हाच दर ४ वर आला, तर तिला सुमारे ३५ मीटर लागतात. फरक १५ मीटरांचा आहे, पण त्यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पुढची आहे : धडधाकट हाताचा चालक ज्या जागी पूर्ण थांबलेला असतो, त्याच जागेवरून दुबळ्या हाताचा चालक अजून ताशी ३९ किलोमीटरच्या वेगाने पुढे जात असतो. आणि दुखण्याच्या धास्तीने बोटे लिव्हरवर अर्धा सेकंद उशिरा पोहोचली, तर त्या विलंबातच आणखी ८ मीटर गेलेले असतात. म्हणून जेवता येते, लिहिता येते, दाराची मूठ फिरवता येते, यावरून गाडीचा निर्णय करू नका. ही कामे संथ असतात, दुखले तर मध्येच थांबवता येतात. तुमचा हात त्या एका सेकंदासाठी तयार आहे का, ज्यात थांबण्याची मुभा नसते, हाच खरा प्रश्न आहे.

आठ आठवड्यांनंतर हात आतून कोणत्या अवस्थेत असतो, तेही समजून घ्या. मनगटाजवळचे असे हाड साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळते, हे खरे. परंतु जुळणे म्हणजे पूर्वीइतके मजबूत होणे नाही. नव्याने तयार झालेले हाड पुढे कित्येक महिने स्वतःला घडवत राहते. प्लेटचे काम तुकडे जागेवर धरून ठेवण्याचे असते. हाड जुळते ते आपल्या गतीनेच, आणि प्लेट आहे म्हणून ती गती वाढत नाही. दुसरीकडे, हात बांधलेला असताना स्नायू रोडावतात, सांधा आखडतो आणि पकड घटते. ही पकड आणि मनगटाची लवचिकता सहा महिने ते वर्षभर सुधारत राहते. म्हणजे आज तुम्ही बरे होण्याच्या वाटेवर मध्यावरही पोहोचलेले नसण्याची शक्यता आहे, आणि तसे असण्यात काहीही वावगे नाही. त्यातच एक गोष्ट अशी असते जी माणसाच्या मनावर अवलंबून नसते : दुखण्याची नुसती शक्यता दिसली तरी मेंदू त्या भागातल्या स्नायूंचा जोर आपोआप आवरता घेतो. तुम्ही कितीही धीट असलात, तरी कळ आल्याबरोबर बोटे सैल पडू शकतात, आणि ती नेमकी कधी पडतील हे तुम्ही ठरवत नाही.

मनगट आखडलेले असण्याचा आणखी एक धोका आहे, जो सहसा कोणी सांगत नाही. ॲक्सिलरेटर फिरवताना मनगट मोकळेपणाने वर-खाली व्हावे लागते. ते होत नसेल, तर माणूस नकळत कोपर उचलून किंवा पाडून मूठ फिरवतो. सपाट रस्त्यावर हे खपून जाते. पण खड्डा आला, शरीर पुढे-मागे हेलकावले, की तो हेलकावा कोपरातून थेट मुठीत उतरतो आणि जिथे गाडी आवरायला हवी तिथेच रेस वाढते. निरोगी मनगट हे धक्के स्वतःच जिरवते. तुमचे आज ते करू शकते का, हे तळवे छातीसमोर एकमेकांना चिकटवून आणि कोपरे हळूहळू वर उचलून पाहा. उजवा हात डाव्याच्या बराच आधी अडत असेल, तर फिजिओथेरपीचे काम अजून बाकी आहे.

आता डॉक्टरांच्या वाक्याबद्दल. ‘हळूहळू सगळे सुरू करा’ हे त्यांनी घरातली आणि ऑफिसातली कामे डोळ्यांसमोर ठेवून म्हटले असण्याची शक्यता फार मोठी आहे. तुम्ही विचारलेच नाही, म्हणून त्यांनी नाही म्हटले नाही; या मौनाला परवानगी समजू नका. पुढच्या वेळी नुसते ‘गाडी चालवू का?’ असेही विचारू नका, कारण त्याचे उत्तरही तितकेच मोघम मिळेल. नेमके विचारा : ताज्या एक्स-रेमध्ये हाड पूर्ण जुळलेले दिसते का? पूर्ण जोराने मूठ आवळायला आणि तळव्यावर शरीराचा भार घ्यायला आता हरकत नाही ना? याच हातावर पुन्हा पडलो, तर आजच्या स्थितीत काय होऊ शकते? हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. प्लेट असलेल्या हातावर पुन्हा आदळल्यास प्लेट वाकू शकते, स्क्रू हलू शकतात किंवा प्लेटच्या टोकापाशी हाड नव्याने मोडू शकते, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया पहिल्यापेक्षा किचकट होते. याच भेटीत फिजिओथेरपिस्टकडून दोन्ही हातांची पकड यंत्रावर मोजून घ्या. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांची उजवी पकड मुळात डावीपेक्षा साधारण दहा टक्के जास्त असते. तेव्हा दोन्ही आकडे सारखे आले, तर उजवा हात थोडा मागेच आहे असे धरा.

औषधांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण तो करणे मला गरजेचे वाटते. ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके, नसांच्या दुखण्यासाठी दिली जाणारी प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन आणि स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या यांनी झापड येऊ शकते. त्या चालू असतील तर गाडीचा विषय तिथेच थांबतो. साध्या वेदनाशामकाने झापड येत नसली, तरी ती गोळी घेऊन हाताची परीक्षा करू नका. दुखणे हा या घडीला तुमच्याजवळचा सर्वांत प्रामाणिक मापक आहे, त्याला झोपवून घेतलेला निकाल खरा नसतो.

डॉक्टरांनी भार घेण्यास परवानगी दिल्यानंतर, आणि त्यानंतरच, घरी करता येण्याजोगी तपासणी अशी : गाडी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा, नेहमीचे हातमोजे घाला आणि पुढचा ब्रेक शक्य तितक्या जोराने दाबून तीन सेकंद धरा. असे वीस वेळा करा. पहिल्या पाच वेळांना काहीच अर्थ नाही, कारण तेव्हा उत्साह काम करत असतो. शेवटच्या पाच वेळा जोर तितकाच राहिला का, ते बघा. मग घरातल्या कोणाला तरी मागे उभे करा, त्यांनी अचानक टाळी वाजवावी आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरून बोटे उचलून लिव्हर पूर्ण दाबावी. बोटे कचरतात का, हे तुमच्यापेक्षा बघणाऱ्याला अधिक चांगले कळेल, म्हणून त्यांचे मत माना. यानंतर भिंतीसमोर हातभर अंतरावर उभे राहा, दोन्ही तळवे टेकवा आणि शरीर भिंतीकडे झुकवून पुन्हा मागे ढकला. जोरात ब्रेक लागतो तेव्हा तुमच्या धडाचा भार याच पद्धतीने तळव्यांवर येतो. शेवटी गाडी स्टँडवरून काढून, आधाराला दुसरा माणूस ठेवून, ती उजवीकडे आणि डावीकडे किंचित कलती करून सरळ करून पाहा. दीड-पावणेदोनशे किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतच जास्त वेळा हातातून सुटते, आणि ती सावरण्यासाठी आपण बरा हात आणि दुखरा हात असा भेद करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मनगटावर सूज किंवा ठणका असेल, तर तपासणी उत्तीर्ण झालेली नाही. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा; मनगटातून जाणारी नस दाबली जात असल्याचे ते लक्षण असू शकते आणि अशा दुखापतीनंतर ते आढळते.

या सगळ्याला फार सोपस्कार म्हणू नका. काही वर्षांपूर्वी माझे डावे मनगट दुखावले होते, हाड मोडलेले नव्हते, नुसते जबर मुरगळलेले होते, आणि चौथ्या आठवड्यात मी हात बरा झाला असे समजून निघालो. पहिली दहा मिनिटे मी आनंदात होतो. मग गर्दी लागली, क्लच पुन्हा पुन्हा दाबावा लागला, आणि एका सिग्नलला लिव्हर धरून उभा असताना बोटे थरथरू लागली. क्लच माझ्या मनाविरुद्ध सुटला, गाडी उसळून बंद पडली आणि पुढच्या मोटारीच्या वीतभर मागे थांबली. मी गाडी कडेला लावून भावाला बोलावून घेतले. ताकद मोजायची असते ती थकलेल्या हाताची, हे मला त्या दिवशी कळले. माझ्या त्या चुकीत निदान इंजिन बंद पडून गाडी थांबली. उजव्या हाताच्या चुकीत गाडी थांबत नाही.

घरची तपासणी निर्वेध पार पडली, तर पुढची पायरी मोकळ्या, कोरड्या, रहदारी नसलेल्या जागेची आहे. ताशी २० किलोमीटरवरून थांबा, मग ३० वरून, मग ४० वरून. दोन्ही ब्रेक वापरा, पण लक्ष पुढच्या ब्रेकवर ठेवा आणि लिव्हर झटक्याने न खेचता वाढत्या दाबाने आवळा. थांबण्याचे अंतर खडूच्या रेघांनी मोजा. लिव्हर हँडलपासून किती दूर असावी हे बहुतेक गाड्यांवर जुळवता येते. ती बोटांच्या टप्प्यात आणा आणि तिचा कोन असा ठेवा की मनगट सरळ राहील. मनगटाला कडक पट्टी बांधून चालवण्याचा विचार मात्र सोडून द्या, कारण ती दुखणे कमी करते आणि हालचालही कमी करते, आणि तुम्हाला हालचाल हवी आहे.

भीतीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे, ते मला पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य वाटले. पडल्यानंतर गाडीची धास्ती बसते, ती खरी असते आणि तिला नाकारून ती जात नाही. पण ती घालवण्यासाठी लवकर बसणे महत्त्वाचे नसून, बसल्यावर गाडी आपल्या ताब्यात आहे हा अनुभव पुन्हा पुन्हा मिळणे महत्त्वाचे असते. मोकळ्या जागेत तीस वेळा नेमके थांबता आले की तो अनुभव मिळतो. दुबळ्या हाताने, अनोळखी रस्त्यावर, मित्रांच्या वेगाशी वेग जुळवत जाताना एकदा जरी गाडी हातून निसटता निसटता वाचली, तरी आज आहे त्याच्या कितीतरी पट भीती मनात घर करील. घाबरलेला चालक हात ताठ धरतो, नजर धोक्यावर खिळवतो, आणि गाडी नजरेच्या मागे जाते; वळणावर खडी दिसली की तुमची नजर खडीवरच राहील, हे गृहीत धरा आणि मोकळ्या जागेतल्या सरावात वळणाच्या पलीकडे बघण्याची सवय पुन्हा लावून घ्या.

सहलीचे म्हणाल तर तिथे प्रत्येक गोष्ट तुमच्या हाताच्या विरुद्ध जाते. रोज जवळजवळ तीनशे किलोमीटर म्हणजे ॲक्सिलरेटर तासन्‌तास धरून ठेवणे, हँडलची थरथर आणि उतारांवर वारंवार ब्रेक. मागे बसणाऱ्या व्यक्तीमुळे वजन वाढते आणि जोरात थांबताना तिचाही भार तुमच्या पाठीवरून मनगटांवर येतो. शिवाय तुमच्या हाताने दगा दिला, तर त्याचे मोल ती चुकवणार, जिला आपल्या बाजूने काहीही करता येत नाही. घरचे विरोध करतात ते तुमच्या धाडसावर अविश्वास दाखवण्यासाठी नव्हे. गेले आठ आठवडे तुमच्या सदऱ्याची बटणे कोणी लावली, हे त्यांच्या लक्षात आहे. मित्रांना आजच कळवा, म्हणजे त्यांना आखणी बदलता येईल. तुम्ही दोघे मोटारीने किंवा बसने मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचा आणि संध्याकाळी त्यांच्यात सामील व्हा. कोणाच्या मागे बसून जाण्याचा पर्यायही घेऊ नका, कारण मागे बसणाऱ्यालाही धक्क्यांना हात टेकावा लागतो.

हाताइतकेच लक्ष दोन वस्तूंना द्या. पडताना हेल्मेट रस्त्यावर आपटले असेल, तर वरून ते कितीही चांगले दिसत असले तरी बदला. आतला फोम एकदाच दबून धक्का घेतो, तो पुन्हा फुगत नाही. गाडीही कसबी मेकॅनिककडून तपासून घ्या : हँडल सरळ आहे का, पुढचे फोर्क वाकलेले नाहीत ना, ब्रेकची लिव्हर वळलेली नाही ना. आणि ब्रेक लिव्हर नेहमीपेक्षा जड लागत असेल, तर दोष हाताचा की गाडीचा, हे आधी तिथेच ठरवा.

हे सदर वाचणाऱ्या ज्यांची दुखापत वेगळ्या जागी आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात : उजवा घोटा असेल तर मागचा ब्रेक आणि डावा असेल तर गिअर, शिवाय थांबल्यावर गाडीचा भार, असा विचार करावा. उजव्या घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर मोटारीचा ब्रेक मारण्याचा वेळ पूर्ववत व्हायला सुमारे नऊ आठवडे लागले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते, आणि तिथे तर गाडी तोलण्याचा प्रश्नही नव्हता. डोक्याला मार लागून चक्कर, गरगर किंवा उजेडाचा त्रास होत असेल, तर वर सांगितलेली कोणतीही तपासणी घरी करू नये. डॉक्टरांच्या स्पष्ट परवानगीवाचून गाडीला हात लावू नये.

तुमच्याकडे परत येतो. सगळ्या पायऱ्या पार पडल्या आणि डॉक्टरांनी होकार दिला, की पहिल्या दिवशी ऑफिसला कोरड्या हवेत, उजेडात, गर्दीच्या वेळेच्या अर्धा-पाऊण तास आधी आणि एकटेच निघा. विम्याच्या अटी त्याआधी एकदा वाचून ठेवा. पोहोचल्यावर परतीचा निर्णय लगेच करू नका. सकाळचे ११ किलोमीटर आणि दिवसभराचे काम झालेला हात हा सकाळचा हात नसतो. संध्याकाळी गाडीपाशी उभे राहून पुढचा ब्रेक दहा वेळा पूर्ण जोराने दाबा, आणि आठव्या-नवव्या वेळी बोटे कचरली, तर गाडी तिथेच कुलूप लावून ठेवा व दुसऱ्या वाहनाने घरी या. त्यासाठी रात्रभर गाडी ठेवता येईल अशी जागा सकाळीच विचारून ठेवा, म्हणजे संध्याकाळी केवळ गाडीची सोय नाही म्हणून ती चालवत आणण्याची वेळ तुमच्यावर येणार नाही.